हे कुठं बसून लिहिलं?

इंगवले सर कुणाच्याही घरात शिरले की आधी पंखा बंद करतात. नमस्कार नंतर. मग फ्रिजचा प्लग काढतात, भिंतीवरचं घड्याळ उतरवून उशीखाली दाबतात आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन "कुकर लावलाय काय?" असं विचारतात. लावलेला असेल तर स्वतःच्या हातानं गॅस बंद करतात. एप्रिल असो, मे असो, त्यांना फरक पडत नाही. एकदा राजारामपुरीत एका घरी भात अर्धा कच्चा राहिला. त्या घरची सून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पावणं, ह्ये काय चालवलंय तुमी?"

सर म्हणाले, "अर्थशास्त्राचा इतिहास."

एवढं झालं की चष्म्याच्या जुन्या डबीतून ते रेकॉर्डर काढतात. समोर बसलेला माणूस बहुतेक ऐंशीच्या पुढचा असतो, जन्मभर कुठल्या तरी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, आणि पंख्याअभावी घामानं निथळत असलेला. त्याला पहिला प्रश्न ठरलेला. "आज सकाळी काय खाल्लं?"

आवाज नीट येतोय का हे बघण्यासाठी असा प्रश्न विचारतात म्हणे. उत्तर द्यायला सोपं, आणि कुणी त्यात खोटं बोलत नाही. पण सरांना ते उत्तर खरोखरच हवं असतं. समोरच्यानं "काही नाही, नुसता चहा" असं म्हटलं, तर सर रेकॉर्डर बंद करून त्याला आधी खायला लावतात. "उपाशी माणसाची मुलाखत मी घेत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी मंगळवार पेठेत त्यांच्या शेजारी राहते. माझा मराठी टायपिंगचा क्लास होता. लोक मोबाइलवर बोलून लिहायला लागले आणि क्लास बंद पडला. पाटी उतरवली त्याच आठवड्यात सर दारात उभे. "वैनी, बोटं रिकामी हायत न्हवं?" मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा पंखा बंद केला. तेव्हापासून मी म्हाताऱ्यांचं बोलणं टाइप करते आहे.

या कामाचे सरांचे नियम आहेत. जे ऐकू येतं ते सगळं टाइप करायचं. खोकला आला तर (खोकला). परत आला तर (पुन्हा खोकला). गल्लीतून भंगारवाला गेला तर तोही. आणि माणूस गप्प बसला तर किती वेळ ते सेकंदात. पहिल्या आठवड्यात मी वैतागून म्हणाले, "सर, तो माणूस नुसता गप्प बसलाय. त्यात टाइप काय करायचं?"

"गप बसलाय, त्येच टाइप करा."

"खोकला दोनदा कशाला? एकदा लिहिला की कळतं की."

"त्यो दोनदा खोकलाय, वैनी."

त्यांना काय हवं होतं ते मला हळूहळू समजलं. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांत जुन्या मंडळींनी मराठीतून अर्थशास्त्राची पुस्तकं लिहिली, गुळाच्या, उसाच्या, दुधाच्या पाहण्या केल्या, अहवाल छापले. सर म्हणायचे, "निष्कर्ष लायब्ररीत हाय. पण त्यो कुणी काढला, कवा काढला, काढताना त्येच्या घरात काय चाललंतं, ह्ये कुठल्या कागदावर न्हाय. त्ये त्येच्या तोंडात हाय आणि तोंड चाललंय पंचगंगेवर, मसणात." म्हणून ते प्रत्येकाला त्याच्या प्रत्येक पुस्तकाबद्दल एकच गोष्ट विचारत. "हे कुठं बसून लिहिलं?"

उत्तरं ऐकून मी थक्क व्हायची. बेकारीवरचं प्रकरण एकानं सासुरवाडीत बसून लिहिलं होतं, स्वतःला नोकरी नसताना, मेहुण्याच्या टेबलावर. लोकसंख्यावाढीचे धोके सांगणाऱ्या एकानं ते बायकोच्या पाचव्या बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर लिहून काढले होते. एका सरांनी उपयोगितेचा सिद्धांत मराठीत आणला तो वडिलांच्या उशाशी बसून. वडील गेले तेव्हा उतारा अर्धा झाला होता. "मग?" असं इंगवले सरांनी विचारलं. (शांतता, चौदा सेकंद.) "मग उतारा पुरा केला," असं ते म्हणाले.

गावात मात्र सरांचं नाव वाईट झालं होतं. त्यांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यातले काही जण लगोलग गेले. यात सरांचा दोष काय, निवडच त्या वयाची. पण लोकांनी हिशेब जुळवला. सर बेल वाजवायला लागले की आतून "घरात न्हाईत, गावाला गेलेत" असं ओरडणं आणि त्याच वेळी मागून त्या घरात नसलेल्या माणसाचा खोकला, हे मी स्वतः ऐकलं आहे. कागलला तर त्यांना धक्के मारून बाहेर काढलं. मुलाखतीआधी सर एका कागदावर सही घेतात, 'मी हे राजीखुशीनं सांगत आहे' अशी. म्हाताऱ्याच्या दोन्ही पोरांना वाटलं, हा वडिलांकडून मृत्युपत्र करून घेतोय. सरांचा शर्ट फाटला. सर मला सांगत होते, "शर्ट जाऊ दे वैनी, पण म्हातारा सहकारी सोसायट्यांवर लई चांगलं बोलायला लागलता."

सकाळी पेपर आला की ते आधी निधनाचं पान उघडतात. त्यांच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं नावांची यादी आहे. मुलाखत झाली की निळी खूण, त्याआधीच माणूस गेला की काळी रेघ. काळी रेघ मारलेल्या दिवशी ते जेवत नाहीत. तसेही ते नीट जेवत नाहीतच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बेंगळुरूला. त्यांच्या घरातून कुकरची शिट्टी मी क्वचितच ऐकते. मी कधी विचारलं, "सर, तुम्ही काय खाल्लंत सकाळी?" तर म्हणतात, "रेकॉर्डर चालू न्हाय," आणि विषय संपतो.

पुढं टाइप करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मुलाखत कशावरही असो, गुळावर असो की पतपेढीवर, तासाभरानं सर एक प्रश्न विचारायचेच. "हुपरीच्या पाहणीबद्दल काय आठवतंय?" त्या वेळी त्यांचा आवाज खाली यायचा. आणि जवळपास प्रत्येक म्हातारा सारखंच उत्तर द्यायचा. "हुपरीची? त्या मुजावरनं खोटे फॉर्म भरलेते, तीच न्हवं?" त्यावर सर पुढचं काही विचारायचे नाहीत. टेपवर नुसती शांतता. दहा सेकंद, बारा सेकंद, एकदा तर वीस.

एका दुपारी मी त्यांच्याकडं कागद घेऊन गेले. म्हटलं, "सर, एक विचारायचं होतं. ही शांतता त्यांची नाही, तुमची आहे. तीपण टाइप करायची का?"

सर उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. रेकॉर्डर जवळ नव्हता, तरी केला. मग त्यांनी सांगितलं.

चाळीसेक वर्षांपूर्वी ते कॉलेजात कच्च्या नोकरीवर लागले होते. शेजारच्या टेबलावर मुजावर सर, तेही कच्चेच. इंगवले सर खेड्यातून आलेले, भाड्याच्या खोलीत राहणारे. महिनाअखेरीला त्यांचा डबा नसायचा. मुजावर सर डबा उघडायचे, अर्धी भाकरी आणि भाजी झाकणात काढायचे आणि एका बोटानं झाकण त्यांच्याकडं सरकवायचे. बोलायचे नाहीत. मान वर करून 'घे' म्हणायचे नाहीत. वाचत वाचत झाकण सरकवायचे.

मग विभागानं हुपरीची पाहणी काढली. तिथं घरोघर चांदीचे पैंजण बनतात. अर्धी घरं इंगवले सरांना, अर्धी मुजावर सरांना. इंगवले सर पहिल्या घरी गेले. दारात एक बाई आली आणि म्हणाली, "घरात गडीमाणूस न्हाय. सांजच्याला या." सर आधीच लाजाळू. ते मागं फिरले आणि स्टँडजवळच्या एका हॉटेलात जाऊन बसले. चहा मागवला, भजी मागवली आणि तिथंच एकेक फॉर्म काढून भरत सुटले. दिवस मावळेपर्यंत सगळी घरं संपली. 'घरातील स्त्रिया या धंद्यात कोणते काम करतात?' असा एक रकाना होता. प्रत्येक फॉर्मवर त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं, 'काही नाही.'

मुजावर सर मात्र घराघरात गेले. उंबऱ्यावर बसले, बायकांशी बोलले. त्यांच्या फॉर्मवर तेलाचे डाग, खाडाखोड, कडेला बारीक अक्षरात टिपणं. कुठल्या बाई कड्या जोडतात, कुठल्या घुंगरं बसवतात, कुठल्या मुलीची शाळा त्यापायी सुटली. दोन गठ्ठे समोरासमोर ठेवले तेव्हा जुळेनात. विभागप्रमुखांनी दोन्ही चाळले. एक गठ्ठा स्वच्छ, एकसारखा, शंकेला जागा नाही. दुसरा गचाळ. त्यांनी निकाल दिला की मुजावरांनी मनानं भरलंय. अहवाल छापला गेला, 'स्त्रियांचा सहभाग नगण्य.' मुजावर सरांची नोकरी गेली. ते पेठ वडगावला जाऊन शाळेत भूगोल शिकवायला लागले. इंगवले सर कायम झाले.

"त्यांनी तुम्हाला काही विचारलं नाही?"

"इचारलं की. स्टाफरूममधी. 'इंगवले, तू ह्ये कुठं बसून लिहिलंस?' मी म्हटलं, घराघरात." सर खिडकीकडं बघत होते. "त्यानं डबा उघडला, जेवला, हात धुतला. झाकण सरकवलं न्हाय."

मला सरांचा राग आला. नुसता मुजावर सरांसाठी नाही. माझी सख्खी मावशी हुपरीत दिलेली. जन्मभर तिनं खिडकीत बसून पैंजणाच्या कड्या जोडल्या. त्या कामात तिची नजर गेली. शेवटी शेवटी ती आम्हाला आवाजावरून ओळखायची. मी सरांना तोंडावर म्हणाले, "म्हणजे माझी मावशी तुमच्या 'काही नाही'त बसली म्हणा की."

सर म्हणाले, "व्हय."

त्यानंतर महिनाभर मी त्यांचं एक पानही टाइप केलं नाही. रोज सकाळी ते दाराशी यायचे, टेप पायरीवर ठेवायचे आणि जायचे. पायरीवर टेपा साठल्या. मग माझ्या डोक्यात आलं, हा माणूस इतकी वर्षं गावभर का फिरतोय. चाळीस वर्षांत एक तरी म्हातारा म्हणेल, 'मुजावर नव्हे हो, खोटे फॉर्म तुमचेच होते,' याची वाट बघतोय. कुणीच म्हणत नव्हतं. छापलेलं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"तुम्ही स्वतः का सांगत नाही?" असं मी एकदा दारातूनच विचारलं.

"सांगायचं तर आधी त्याला. मागं कितीदा फोन केला. दर वेळी त्यो म्हणतोय, माझं सांगून झालंय."

यादीत एकच नाव उरलं होतं ज्याच्यापुढं निळी खूण नव्हती आणि काळी रेघही नव्हती. ते मुजावर सरांचं. त्यांना झटका आल्याचं कळलं तेव्हा सरांनी पुन्हा फोन केला. उचलला मुजावर सरांच्या बायकोनं. "बोलणं कमी झालंय त्यांचं," असं भाभी म्हणाल्या. "पण या तुमी." तरी सर आज उद्या करत राहिले. शेवटी मीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "चला, उठा. काळी रेघ मारायची वेळ आली तर मी पेन्सिलसुद्धा देणार नाही." पहिल्याच एस.टी.नं आम्ही वडगावला गेलो. सरांनी वाटेत तीनदा रेकॉर्डरच्या बॅटऱ्या तपासल्या.

मुजावर सर कॉटवर उशीला टेकून बसले होते. उजवी बाजू गेलेली. डोळे मात्र लख्ख. आम्हाला बघून त्यांनी तोंड उघडलं आणि एक आवाज काढला, त्यात एकही शब्द नव्हता. भाभी हळूच म्हणाल्या, "वाचा गेलीय. फोनवर सांगवंना मला. पण समजतंय सगळं."

सर दारातच थबकले. गावभरच्या म्हाताऱ्यांना बोलतं करून शेवटी ते ज्याच्याकडं आले होते त्याचा आवाजच उरला नव्हता. मला वाटलं, आता हे मागं फिरणार, हुपरीच्या त्या पहिल्या घरातून फिरले तसे. त्यांचा हात सवयीनं बटणाकडं गेला आणि पंखा बंद झाला.

"असू दे हो," भाभी म्हणाल्या, "जीव उकडतोय त्यांचा."

सरांनी पंखा पुन्हा लावला. इतक्या वर्षांत पंखा चालू ठेवून झालेली ही एकच मुलाखत. भाभींनी कॉटजवळच्या पत्र्याच्या स्टुलावर बशी ठेवली; बशीत खारी आणि दोन केळी. सर खुर्चीत बसले, रेकॉर्डर हातात धरला. बटण दाबून त्यांनी तो माझ्याकडं दिला.

"आज सकाळी काय खाल्लं?" सरांनी विचारलं.

मुजावर सर बघत राहिले. भाभींनी उत्तर दिलं, "दुधात भाकरी. कुस्करून."

मग सर बोलायला लागले. त्यांनी काही फिरवून सांगितलं नाही. "मुजावर, तू इचारलंवतंस, कुठं बसून लिहिलंस. मी खोटं बोललो. स्टँडजवळच्या हॉटेलात बसलतो. चहा-भजी खात. एकाही घरात गेलो न्हाय. तुझे फॉर्म खरे हुते. माझे खोटे. तुझी नोकरी माझ्यामुळं गेली, आणि मी गप बसलो. ह्ये मी राजीखुशीनं सांगतोय." शेवटचं वाक्य त्यांच्या त्या सहीच्या कागदावरचं. तेही ते विसरले नाहीत.

पंखा खडखडत होता. भाभी पदराशी चाळा करत जमिनीकडं बघत होत्या. त्यांना हे सगळं ठाऊक होतं, असं मला वाटलं. मुजावर सरांच्या चेहऱ्याची एकच बाजू हलत होती, त्यावरून राग की दुसरं काही, मला ओळखता येईना. मी रेकॉर्डर धरून खाली बघत सेकंद मोजत होते, कारण ते मला घरी टाइप करायचे होते. वर बघितलं तेव्हा बशी स्टुलाच्या अलीकडच्या कडेला आली होती आणि मुजावर सरांचा डावा हात परत चादरीवर गेला होता. सर खारीचा तुकडा तोंडात घालून रडत होते. भाभींनी पाणी आणलं.

परतताना एस.टी.त सरांनी एकदाही बॅटऱ्या तपासल्या नाहीत.

टाइप करायला मला चार दिवस लागले. सर म्हणाले, वरच्या रकान्यांत नावं बदला. मुलाखत देणारे: प्रा. इंगवले. मुलाखत घेणारे: प्रा. मुजावर. मी तसं केलं. एक प्रत कॉलेजच्या लायब्ररीत त्या अहवालाशेजारी ठेवायची, एक वडगावला न्यायची, असं ठरलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी सरांनी पेपर उघडला आणि नेहमीचं पान बघितलं. मुजावर सरांचा फोटो होता, तरुणपणीचा. खाली तिसऱ्या दिवसाची जियारत रविवारी असल्याचं छापलं होतं.

यादीत त्या नावापुढं सरांनी काळी रेघ मारली नाही. निळी खूणही केली नाही. संध्याकाळी ते कागद घेऊन माझ्याकडं आले. पंखा बंद केला, समोर बसले, शेवटचं पान उघडून त्यावर बोट ठेवलं. तिथं मी टाइप केलं होतं, (शांतता, एक मिनिट चाळीस सेकंद).

"वैनी, हिथं शांतता न्हाय."

त्यांनी रेकॉर्डर माझ्या कानाला लावला. आधी नुसता पंखा ऐकू आला. तिसऱ्यांदा ऐकताना पंख्याखालून एक बारीक, खरखरीत आवाज आला, चिनी मातीचा पत्र्यावर. मी रेकॉर्डर हातात धरून बसले होते आणि मला तो ऐकू आला नव्हता. मी शांतता खोडली आणि टाइप केलं, (बशी सरकवल्याचा आवाज).

सरांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"त्याचा हात मधीच थांबलावता," ते म्हणाले. "मग परत सरकवली त्यानं. दोनदा हाय, वैनी."

मी पुढं टाइप केलं, (पुन्हा बशी सरकवल्याचा आवाज).